पानाचं शून्य

(नाशिक, अंबड. २००६ सालचा नोव्हेंबर, दुपारची वेळ. द्राक्षबागांमध्ये हवामान मोजणारे बॉक्स बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीची खोली. बॉक्समधला प्रोग्रॅम लिहिणारी छाया, ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिणारा योगेश, आणि दिंडोरीकडून आलेल्या द्राक्षबागाईतदार सिंधुबाई.)

सिंधुबाई : नाय नाय, भांडायला नाय आले मी. तुमच्या बॉक्सवर तुमच्यापेक्षा माझा जास्त भरवसा हाय. मला एवढंच सांगा, माझे डोळे खोटे का तुमचा मेसेज खोटा?

योगेश : मावशी, आधी बसा तर. पाणी घ्या. मेसेज काय आला होता?

सिंधुबाई : हा बघ, मोबाईलमधीच हाय. तूच वाच.

योगेश : "पान कोरडे. डावणीचा धोका नाही. फवारणी नको." कालचा आहे.

सिंधुबाई : परवाचा बी तसाच. आन काल पहाटं मी बागेत गेले तर धुकं असं, की समोरचा खांब दिसंना. वेलींखालून नुसती चालले तर पदर भिजला. पान हातात धरलं तर तळवा ओला. ऊन चांगलं वर आलं तरी पान काय सुकंना. आज पुन्ना तसंच. आन तुमचा बॉक्स म्हणतो कोरडं!

छाया : पाऊस?

सिंधुबाई : पाऊस कुठला? थेंब नाय. नुसतं धुकं.

योगेश : फवारलंत का तुम्ही?

सिंधुबाई : माझं मी फवारीन रे, त्याला काय लागतं? घोर निराळाच हाय. बागा फुलोऱ्यात हायेत. आत्ता ही डावणीची बुरशी शिरली तर घड कुजून गळतो, मंग वर्षभर वेलीकडं नुसतं बघत बसायचं. आन माझ्या बागेतल्या बॉक्सचा मेसेज समद्या खोऱ्याला जातो, समद्यांना त्यावर म्याच लावलंय. वाल्मीकभाऊ, सहादू, सुमनबाई, दारोदार फिरले मी. म्हणलं, उगं भ्यायचं नाय, उगं औषधं ओतायची नाय, बॉक्स सांगंल तवाच फवारायचा ब्लोअर काढायचा. आता ती मंडळी आभाळाकडं बघतच नाय, मोबाईलकडं बघत्यात. वाल्मीकभाऊला म्हणलं, अहो पान ओलं हाय. तर मलाच म्हणतो, सिंधुबाई, तूच म्हणली व्हती ना बॉक्सचं ऐका!

छाया : दोन दिवस गेलेत. आज फवारलं तर?

सिंधुबाई : आज फवारलं तर सावरंल. उद्याचं मी सांगू शकत नाय.

योगेश : आजचा मेसेज पाचला जातो. आपोआप. छाया, तुझ्या बॉक्सकडे बघ.

छाया : बॉक्स बोलतोय. तासातासाला एसेमेस येतोय, बॅटरी भरलेली, तापमान बरोबर. तुझ्या प्रोग्रॅमकडे बघ.

योगेश : माझ्या प्रोग्रॅमला तू जे देतेस ते तो खातो. स्वतःच्या मनाचं काही घालत नाही.

छाया : मग नीट चावून खात नसेल.

सिंधुबाई : अरे, तुमी दोघं एकच नाय का? प्रोग्रॅम एकच ना?

योगेश : दोन आहेत मावशी. बॉक्समधला सी नावाच्या भाषेत, तो हिचा. इथला जावा नावाच्या भाषेत, तो माझा. दोघांना एकमेकांचं अवाक्षर कळत नाही.

सिंधुबाई : मंग बोलत्यात कसे?

छाया : ठरवून. आधी तापमान, मग हवेतला ओलावा, मग पान, मग पाऊस, मग बॅटरी. याच क्रमानं. बॉक्स नुसते आकडे पाठवतो, इकडे क्रमावरून ओळखायचं कुठला आकडा कशाचा.

योगेश : मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, आकड्याबरोबर नाव पाठव. आपण भांड्यांवर नाव घालून घेतो की नाही? ह्या मावशींनी आणलेल्या लाडवांच्या डब्यावर बघ, झाकणावर 'सौ. सिंधुबाई' आणि साल. डबा कुठेही गेला तरी कुणाचा ते कळतं. तसा प्रत्येक आकडा आपलं नाव घेऊन येऊ दे. पण नाही!

छाया : एका एसेमेसात मावलं पाहिजे. नावंच घातली तर आकडे कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?

योगेश : तेही खरंय. मावशी, मी हिला कितीही बोललो तरी एक सांगतो. पुण्यात होतो तेव्हा एवढ्याशा माहितीसाठी आम्ही कॉम्प्युटरमधून पानंच्या पानं पाठवायचो. नाव उघडा, आकडा घाला, नाव बंद करा. हिनं अख्खी बाग एका ओळीत बसवली. तुमच्या खोऱ्यात रेंजची एक कांडी असते, तीही लपंडाव खेळते. तरी एकही निरोप गळत नाही. मी कुणाला दाखवलं तर लोक विचारतात, कुठल्या कॉलेजची?

छाया : मखमलाबादच्या फुलशेतीची म्हणावं. बडबड पुरे. आलेले एसेमेस उघड, मूळ आकडे बघू.

योगेश : हे घे. तापमान ठीक. ओलावा... बापरे, हवा तर गच्च भरलेली आहे. पान शून्य. पाऊस शून्य.

छाया : पाऊस शून्य बरोबर आहे. मावशी म्हणाल्याच, थेंब नाही.

योगेश : पानही शून्य. मागचा तास शून्य. त्याच्या मागचा शून्य. कालचा सगळा दिवस शून्य.

सिंधुबाई : शून्य म्हंजे?

योगेश : म्हणजे पान एक मिनिटही ओलं नव्हतं.

सिंधुबाई : अरे पण ओलं व्हतं रे बाबा!

छाया : क्रम सरकला असेल का? ओलाव्याचा आकडा पानाच्या जागी?

योगेश : मग पानाच्या जागी शून्य कसं येईल? क्रम ठीक आहे. मी पाच-सहा एसेमेस हातानं सोडवून बघितले.

छाया : म्हणजे मी बरोबर पाठवतेय.

योगेश : आणि मी बरोबर वाचतोय.

सिंधुबाई : मंग माझेच डोळे गेले म्हणायचे. घ्या, लाडू तरी खा. शेंगदाण्याचे हायेत. मागल्या खेपेला सगळ्यात जास्त ह्यानंच खाल्ले व्हते.

योगेश : मागच्या खेपेचा डबा अजून इथेच आहे ना? छाया, मावशींचा डबा दे. मी इथं आर्द्रता आणि पान समोरासमोर लावून बघतो. काहीतरी जुळत नाहीये.

छाया : देते. थांबा मावशी, धुतलाय पण... कुठे ठेवली साखर?

योगेश : साखर कशाला?

छाया : डब्यात घालायला.

योगेश : लाडू त्यांचे, डबा त्यांचा, मग तू साखर का देतेस?

छाया : रिकामा डबा परत देतात का कुणी? घरी आई हात मोडेल माझा. चिमूटभर साखर, दोन फुलं, काहीतरी घालायचंच. रिकामं भांडं दुसऱ्याच्या दारात न्यायचं नाही.

सिंधुबाई : बरोबर हाय पोरी. वळण चांगलं हाय.

योगेश : छाया.

छाया : काय?

योगेश : बॉक्सला पानाचं मापच मिळालं नाही, तर त्या जागी तू काय पाठवतेस?

छाया : जागा रिकामी कशी ठेवणार? सी-मध्ये त्या कप्प्यात काहीतरी आकडा असावाच लागतो. नाहीतर आधीचा कचरा जातो. मी स्वच्छ करून त्यात...

योगेश : काय?

छाया : शून्य ठेवते.

योगेश : शून्य?

छाया : अरे देवा. योगेश, मी शून्य ठेवते.

सिंधुबाई : काय झालं? पोरीचा चेहरा का पडला असा?

योगेश : मावशी, बॉक्सला जोडलेली पानासारखी एक पट्टी आहे बघा, वेलीत अडकवलेली. ती ओली झाली की वायरमधून बॉक्सला कळतं. ती वायर तुटली तर?

सिंधुबाई : तर कळायचं नाय.

योगेश : बरोबर. आणि कळलं नाही की हा बॉक्स 'शून्य' सांगतो. पाऊस पडला नाही की तेव्हाही 'शून्य'च सांगतो. पावसाचं शून्य खरं आहे, पानाचं शून्य म्हणजे मला माहीत नाही. इकडे माझ्या खुळ्या प्रोग्रॅमला दोन्ही सारखीच दिसतात.

सिंधुबाई : थांब, थांब. वायर का? परवा सकाळी आमच्या गड्यानं, भिकननं, त्या वळीत पॉवर टिलर घातला व्हता. संध्याकाळी बघते तर एक काळी वायर खाली लोंबती. मला वाटलं जास्तीची हाय, उरलेली. म्या सुतळीनं खांबाला छान बांधून टाकली.

छाया : तुटलेलं टोक आत करून?

सिंधुबाई : आत करून. दिसायला बरं दिसंना बाहेर.

योगेश : तुम्हीपण मावशी! छायानं रिकामी जागा झाकली, तुम्ही तुटलेलं टोक झाकलंत. दोघी एकाच वळणाच्या.

छाया : हसू नकोस. माझ्यामुळे सगळं खोरं दोन दिवस फवारणीशिवाय राहिलं.

योगेश : हसत नाहीये. इकडे ये, हे बघ. माझा प्रोग्रॅम. ही ओळ वाच.

छाया : "पानाचे माप आले नसल्यास मेसेज थांबवा, ऑफिसला कळवा." तू हे लिहून ठेवलं होतंस?

योगेश : पहिल्याच महिन्यात. जावात 'काहीच आलं नाही' याला वेगळी जागा आहे, शून्यापासून निराळी. मी त्याच्यासाठी स्वतंत्र वाट करून ठेवली. त्या वाटेनं आजपर्यंत कुणी आलंच नाही. मी खूश होतो, वाटायचं छायाचे बॉक्स कधी बिघडतच नाहीत.

छाया : किती नीट लिहिलंयस रे हे. मेसेज थांबव, कळव, शेवटचं खरं माप कधी आलं होतं तेही सांग. मला कधी दाखवलं नाहीस.

योगेश : तू कधी विचारलं नाहीस. आपण क्रम ठरवला, आकडे किती लांबीचे ते ठरवलं. 'नाही' कसं पाठवायचं, तेवढं बसून ठरवायचं राहिलं. तुझं तुझ्या जागी बरोबर होतं, माझं माझ्या.

सिंधुबाई : आता ते कौतुक नंतर करा. पाच वाजता पुन्ना कोरडं म्हणून जाईल ना मेसेज?

योगेश : तो मी आत्ताच थांबवतो. थांबला. आता दुसरा लिहूया, हातानं. "पानाचे माप मिळत नाही. पान हातानं बघावे. ओले असल्यास आजच फवारावे."

छाया : कालचा आणि परवाचा मेसेज धरू नये, हेही लिही. ते लिहिलंच पाहिजे.

योगेश : ते साहेबांना विचारावं लागेल. थांब, फोन लावतो. ...नमस्कार सर, योगेश. दिंडोरीच्या बॉक्सची वायर तुटलीय. हो, दुरुस्त होईल. पण मधल्या दोन दिवसांचे मेसेज चुकलेत, ते लोकांना सांगायला... हो सर. हो, कळतंय. म्हणजे नुसतं 'फवारा' एवढंच लिहू? पण काहींनी आधीच फवारलं असेल, ते पुन्हा कशाला... नाही सर, विश्वास जाईल हे मलाही... यंत्राला कळत नाही असं यंत्रानंच सांगायचं, हो, ऐकायला विचित्र आहे...

सिंधुबाई : दे इकडं.

योगेश : मावशी, साहेब आहेत.

सिंधुबाई : म्हणून तर दे. ...साहेब, सिंधुबाई बोलते, दिंडोरीकडची. हां, तीच, जिच्या बागेत बॉक्स हाय. राम राम. साहेब, मी माणसं जोडून दिली तुमाला, आठवतं ना? मंग ऐका. घड गळाले तर मेसेज कुणी वाचणार नाय, बॉक्सबी खांबावरून उतरवत्याल. आज जर बॉक्स म्हणला, मला कळलं नाय, तर ते चिडत्याल. चिडू द्या. पण ज्या दिवशी तो कोरडं म्हणंल, त्या दिवशी निर्धास्त झोपत्याल. ...नाय, मी कुणाला भरीस नाय घालत. खाली माझं नाव टाका. सिंधुबाईनं सांगितलं म्हणून लिहा. शिव्या मला येऊ द्या. ...हां. बरं. घ्या, ह्याला सांगा.

योगेश : हो सर. हो. लगेच पाठवतो. ...हो म्हणाले! मावशी, तुम्ही तर...

सिंधुबाई : पाठव आधी.

योगेश : "कालचे व परवाचे मेसेज धरू नयेत. पानाचे माप मिळत नाही. पान हातानं बघावे, ओले असल्यास आजच फवारावे. सिंधुबाई." गेला.

छाया : माझंही नाव घालायला हवं होतंस.

योगेश : एका एसेमेसात मावत नव्हतं.

छाया : वा. आता तू मला जागा शिकवतोस.

सिंधुबाई : पण बॉक्सचं काय? उद्या दुसरी वायर तुटली तर पुन्ना शून्यच?

छाया : नाही. माझ्या ओळीत शेवटचं एक अक्षर मोकळं आहे. मी राखून ठेवलं होतं.

योगेश : राखून? एवढी कंजूष बाई तू, आणि एक अक्षर मोकळं सोडलंस? कशासाठी?

छाया : असावं म्हणून. आई फुलांची पाटी कधी गच्च भरत नाही. वरची मूठभर जागा सोडते, नाहीतर खालची फुलं चेंगरतात. त्या अक्षरात आता मी हजेरी घेईन. तापमान हजर, ओलावा हजर, पान गैरहजर, पाऊस हजर. तू आधी हजेरी बघायचीस. जो गैरहजर, त्याच्या आकड्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, मग तो शून्य असो नाहीतर कितीही.

सिंधुबाई : मजुरांच्या हजेरीगत.

छाया : अगदी तसंच.

योगेश : पाच जणांची हजेरी एका अक्षरात?

छाया : मावते.

योगेश : कशी?

छाया : विचारू नकोस. मी सांगत बसेन आणि मावशींची गाडी चुकेल.

योगेश : बघितलंत ना मावशी? हे असं आहे. मी भरलेल्या वहीएवढं लिहितो, ही एका अक्षरात शाळा भरवते. आणि माझी ती ओसाड वाट आता चालू होणार. तिथं पहिला कोण येतो ते मी बघत बसणार आहे.

छाया : पहिली मीच येईन. मावशी, मी तुमच्याबरोबरच निघते. वायर घेते, केबल घेते, लॅपटॉप घेते. वायर जोडून बॉक्समधला प्रोग्रॅमही तिथंच बदलते. योगेश, तू तुझा भाग आत्ता बदल. मी तिथून मुद्दाम वायर काढून एक निरोप पाठवीन. पान गैरहजर असा दिसला पाहिजे तुला.

योगेश : दिसेल. आणि नाही दिसला तर?

छाया : तर मी जोडणार नाही. तू दुरुस्त करीपर्यंत खांबाशी उभी राहीन.

सिंधुबाई : थांबा, फोन वाजतोय. ...हां वाल्मीकभाऊ. हां, माझंच नाव हाय. ...बोल काय बोलायचं ते, ऐकते. ...हां. ...हां, चुकलं. यंत्राचं बी चुकलं, माझंबी. वायर म्याच बांधली सुतळीनं. ...मंग? पान बघितलं का? ...बरं. बरं. सहादूला बी सांग. ठेवते.

योगेश : काय म्हणाले?

सिंधुबाई : आधी शिव्या घातल्या. मंग म्हणला, खरं सांगितलं ते बरं केलं. ब्लोअर जोडतोय ट्रॅक्टरला. सुमनबाईनं तर कधीच चालू केलाय म्हणे.

छाया : सावरेल ना मावशी?

सिंधुबाई : सावरंल. आज फवारलं तर सावरंल, मी मघाशीच सांगितलं. चल, आवर. धुकं पडायच्या आत पोचू. आन तू पोरी, सारखी तोंड पाडून बसू नको. माझ्या बागेत येवढे साहेब लोक येऊन गेले, समदे म्हणायचे आमचं यंत्र चुकतच नाय. तू पैली, जी यंत्राला 'मला माहीत नाय' म्हणायला शिकवायला निघालीस. मला लय बरं वाटलं.

छाया : हा तुमचा डबा, मावशी. साखर घातलीय.

सिंधुबाई : साखर काढून घे, ह्याला चहा करायला होईल. मला रिकामाच दे.

छाया : रिकामा?

सिंधुबाई : हां. घरी गेल्यावर रिकामा दिसला म्हंजे ध्यानात राहील, लाडू करायचेत.